एक किलो पेंढा, साखर किती?

भाताच्या पेंढ्यात साखर असते, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. फळ्यावर सेल्युलोजची साखळी काढायची, एन्झाइमचा बाण मारायचा, पुढे ग्लुकोज लिहायचं, तास संपतो. हेच प्रत्यक्ष करून, मोजून, अहवाल आणि हिशेब विद्यापीठात जमा करून मी नुकतीच मोकळी झाले. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका लहान महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे ऑटोक्लेव्ह, वॉटर बाथ, सेंट्रिफ्यूज, एक शेकर इन्क्युबेटर आणि कलरीमीटर एवढीच सामग्री. एवढ्यावर हे काम निभतं का, ते विचारायला जवळपास कुणी नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते. कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण ज्यांना हे करायचंय त्यांनी तोच आधी वाचावा.

लघु संशोधन प्रकल्पाचा अर्ज जुलै २०२३ मध्ये भरला. मागितले ६०,००० रुपये. छाननी समितीसमोर पाच मिनिटं बोलायचं होतं. एका सरांनी विचारलं, "पानिपतला एवढा मोठा कारखाना झालाय, तुम्ही नवीन काय करणार?" प्रश्न रास्त होता. इंडियन ऑइलच्या त्या कारखान्याचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ ला झालं; वर्षाला २ लाख टन पेंढा घेऊन सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल करायचं, असा त्याचा आराखडा. मी म्हटलं, नवीन काही नाही सर, आमच्या भागातल्या पेंढ्यावर आमच्या उपकरणांनी मोजून बघायचंय, आणि टीवायच्या मुलांना मोजायला शिकवायचंय. सर हसले. मंजुरीचं पत्र जानेवारी २०२४ मध्ये आलं: ४०,००० रुपये, त्यातले निम्मे आधी आणि निम्मे युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठे खर्च झाले याचा सीएने दिलेला दाखला, दिल्यावर. पहिला हप्ता ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, असा शेरा खाली बारीक अक्षरात. पत्र आलं की आधी शेवटचं पान वाचा. सगळ्या अटी तिथेच असतात. प्रकल्पासाठी वेगळं बचत खातं उघडायचं, तेही त्याच पानावर होतं, आणि बँकेत खातं उघडायलाच फेब्रुवारी उजाडला.

पहिली खरेदी पेंढ्याची. लांज्याजवळ सासरच्या नात्यातले एक काका भात करतात. शिरगावच्या संशोधन केंद्राची रत्नागिरी-१ ही जात, नोव्हेंबरात झोडलेली, आणि पेंढा खळ्याजवळ उडवी रचून ठेवलेला. म्हणजे जात, शेत आणि कापणीची तारीख तिन्ही ठाऊक. बाजारातून आणलेल्या पेंढ्याची यातली एकही गोष्ट सांगता येत नाही, आणि अहवालात पहिल्याच पानावर ती विचारतात. काका म्हणाले, "आता मागतेस होय गो? दिवाळीनंतर सांगितलं असतंस तर असाच नेला असतास. आता आंबा सुरू होणार." त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे पेंढा म्हणजे टाकाऊ माल नव्हे. गुरांना तोच, आंब्याच्या आढीला तोच, पेटीत फळाखाली तोच. फेब्रुवारीपासून शेकड्याचा भाव चढत जातो. पंजाब-हरियाणात पेंढा शेतातच जाळतात म्हणून तिथे कारखान्याला अर्थ आहे. कोकणात कुणी तशी स्वप्नं दाखवली तर त्याला आधी एप्रिलमध्ये बागायतदाराकडे पाठवावं. माझं हे मत प्रकल्प सुरू होण्याआधीचं आहे आणि संपल्यावरही तेच आहे.

दोन भारे घेतले, ३०० रुपये. काकांनी निघताना विचारलं, "किलोला किती साखर पडेल?" मी सांगितलं, तेच तर शोधायचंय. "आणि चहात घालता येईल काय?" त्याला मात्र लगेच नाही म्हटलं.

मग एन्झाइम. सेल्युलेज या नावाच्या बाटलीत खरं तर एक टोळी असते. एंडोग्लुकानेज सेल्युलोजची साखळी मध्येच तोडतं. सेलोबायोहायड्रोलेज मोकळ्या टोकांपासून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं. बीटा-ग्लुकोसायडेज त्या जोडीची फोड करून सुटं ग्लुकोज देतं. तिसरं कमी पडलं तर जोड्या, म्हणजे सेलोबायोज, साठत राहते आणि तिच्यामुळे आधीच्यांचं काम मंदावतं. ही बहुतेक एन्झाइमं ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीच्या वंशातून येतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले, तेव्हा त्या कापडावर ही सापडली. पुढे तिच्यावर काम करणाऱ्या एल्विन रीस यांचं नाव तिला मिळालं. आषाढात कपाटातल्या सुती साडीवर पांढुरके ठिपके बघितलेल्या कोकणातल्या बाईला या गोष्टीचं फारसं नवल वाटत नाही.

बुरशी स्वतः वाढवायचा विचार आधी होता. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारात एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून संवर्ध विकत मिळतो. पण घरच्या घरी वाढवलेल्या बुरशीचा द्राव पेंढ्यासाठी फार पातळ पडतो, आणि मग सगळा प्रकल्प बुरशी वाढवण्याचाच होऊन बसतो. तो मोह सोडला. आयात केलेल्या ५० मिलिलिटरच्या बाटलीची कोटेशनं मागवली. सगळ्यात स्वस्त २३,००० च्या पुढे, वर १८ टक्के जीएसटी, पोचायला सहा आठवडे. म्हणजे पहिला हप्ता एका बाटलीतच संपला असता, तोही ३१ मार्चनंतर.

तेव्हा एका एन्झाइम उत्पादक कंपनीला सरळ ईमेल केला. महाविद्यालयाच्या ईमेलवरून, लेटरहेडवर, नेमकं किती आणि कशाला हवं ते लिहून. हा या लेखातला सगळ्यात उपयोगाचा सल्ला समजा: संशोधनासाठी या कंपन्या नमुना देतात, फक्त "माहिती पाठवा" असं मोघम लिहू नका. उत्तरासोबत चार पानी करार आला. नमुना विकायचा नाही, तिसऱ्याला द्यायचा नाही, त्यात काय काय आहे याचं विश्लेषण करायचं नाही, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्यायची. शेवटचं कलम आमच्या प्राचार्यांना खटकलं, आणि ते योग्यच होतं. विद्यापीठाच्या पैशाच्या कामाला कंपनीची परवानगी कशाला? कळवल्यावर "आधी प्रत दाखवावी" इतकं सौम्य करून त्यांनी नवा करार पाठवला. विचारलं तर बदलतात. सह्या-शिक्के होऊन बाटली निघायला तीन आठवडे गेले.

बर्फातलं पार्सल आमच्या पिनकोडला येत नाही. ते ठाण्याला भाच्याच्या पत्त्यावर मागवलं आणि त्याने थर्माकोलच्या पेटीतून तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर मांडीवर घेऊन आणलं. द्रव सेल्युलेज एखाददुसरा दिवस बाहेर राहिलं तर लगेच निकामी होत नाही, असं कंपनीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, तरी तो बिचारा झोपला नाही. फ्रीजमध्ये ठेवायचं ते ४ अंशांना, फ्रीझरमध्ये नव्हे.

बाकी खरेदी मार्चमध्ये उरकली. तीन-तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही. कॉस्टिक सोडा, सायट्रिक आम्ल, डीएनएस (साखर मोजायचं रसायन), फिनॉल, सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट, टेट्रासायक्लिन आणि व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपरचा एक डबा, मिळून ११,००० च्या आसपास. कोटेशनमधला दर जीएसटी आणि वाहतूक धरून आहे का, हे फोनवर नाही, कागदावर विचारा; आमच्या सगळ्यात कमी दरवाल्याचा दर वाहतूक मिळवल्यावर सगळ्यात जास्त झाला, आणि तक्ता पुन्हा करावा लागला.

एप्रिलमध्ये पेंढा बारीक केला. आधी कोयत्याने बोटभर तुकडे, मग मिक्सर, मग चाळण. गिरणीवाल्याने पेंढा बघूनच हात जोडले. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते; मिक्सरची पाती बघता बघता बोथट होतात, ती वेगळी घेऊन ठेवा, साधारण ४०० रुपये. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ घशात टोचते. मधल्या काळात निवडणुकीचं प्रशिक्षण झालं. आमच्या मतदारसंघात ७ मे २०२४ ला मतदान होतं आणि प्रयोगशाळेतले आम्ही सगळेच कुठल्या ना कुठल्या केंद्रावर. अनुदानित महाविद्यालयात प्रकल्पाचं वेळापत्रक आखताना आचारसंहितेचं कॅलेंडर शेजारी ठेवावं.

आता मुख्य काम. पेंढा नुसता बारीक करून त्यावर एन्झाइम टाकलं तर फारसं काही होत नाही, कारण सेल्युलोजभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचं वेष्टण असतं. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत सांध्यातला चुना खरवडल्याशिवाय चिरा हलत नाही, तसं. म्हणून आधी पूर्वप्रक्रिया: २ टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण, पेंढ्याच्या दसपट, आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना अर्धा तास. सौम्य सल्फ्युरिक आम्लानेही करतात, पण त्यात हेमिसेल्युलोज विरघळून निघून जातं आणि तापमान चढलं तर फरफ्युरलसारखे उपद्रवी पदार्थ तयार होतात. अल्कलीत, म्हणजे कॉस्टिकमध्ये, लिग्निन जातं आणि झायलान, म्हणजे हेमिसेल्युलोजचा मुख्य भाग, बरंचसं मागे राहतं. आम्हाला सेल्युलोजमधलं ग्लुकोज आणि झायलानमधलं झायलोज अशा दोन्ही साखरा हव्या होत्या, म्हणून कॉस्टिक. बाटली निम्मीच भरा, झाकण सैल ठेवा, आणि ऑटोक्लेव्ह पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. गरम कॉस्टिक उसळलं तर डोळा जातो. मुलांना गॉगल आणि जाड हातमोज्यांशिवाय जवळ येऊ दिलं नाही.

बाहेर येतो तो चहासारखा काळपट द्राव आणि तळाशी मऊ, फिकट लगदा. हा लगदा धुवायचा, पीएच पेपरवर ७ येईपर्यंत. इथे कोकण आडवं आलं. शंभर ग्रॅम पेंढा धुवायला बादल्यांवर बादल्या पाणी जातं, आणि मे महिन्यात आमच्या महाविद्यालयाची विहीर तळ दाखवते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात मेमध्ये टँकर येतो, हे बाहेरच्याला पटत नाही. प्रयोगशाळेचे मामा म्हणाले, "मॅडम, खाली मुलींच्या खोलीत प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही गवत धुताय." पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. थोडासाच लगदा चाचणीपुरता धुतला आणि मोठं काम मृग लागल्यावर करायचं ठरवलं.

पण जूनमध्ये दुसरी चिंता: धुतलेला लगदा वाळणार कसा? इथे नंतर कळलेली एक गोष्ट हायसं वाटायला लावणारी होती. तो वाळवायचाच नसतो. ओला लगदा पूर्ण सुकवला की धाग्यांमधली बारीक छिद्रं मिटतात आणि पुन्हा भिजवली तरी पूर्ववत उघडत नाहीत. एन्झाइमला आत शिरायला जागा उरत नाही, साखर कमी निघते. लगदा पिळून, पिशवीत बंद करून, फ्रीजमध्ये ओलाच ठेवायचा. कोरडं वजन हवं म्हणून त्यातला ग्रॅमभर घेऊन १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा, आणि तो नमुना फेकून द्यायचा. बाकीचा हिशेब कागदावर. आमच्या पिळलेल्या लगद्यात पाऊणपट पाणीच होतं. म्हणजे ५ ग्रॅम कोरडा हवा असेल तर २० ग्रॅम ओला मोजायचा.

कच्च्या पेंढ्यालाही हेच. जूनच्या हवेत उघडा ठेवलेला भुगा एका रात्रीत पाणी ओढतो; सकाळी तोललेलं आणि दुपारी तोललेलं जुळत नाही. हवाबंद डब्यात ठेवून दर खेपेला आर्द्रता मोजणं हाच उपाय. एका विद्यार्थिनीला ही रोजची तोलाई म्हणजे शिक्षा वाटायची. ऑगस्टमध्ये आकडे जुळायला लागल्यावर तीच बाकीच्यांना तराजूपाशी दटावू लागली.

धुण्यासाठी जुन्या पंचाचा कपडा चौपदरी वापरला. फिल्टर पेपर लगेच बुजतो. पहिलं धुणं गरम पाण्याने, शेवटचं डिस्टिल्ड पाण्याने. काळा द्राव सिंकमध्ये ओतू नका. आम्ही तो सौम्य आम्लाने उदासीन केला, तेव्हा लिग्निनचा आणि सिलिकाचा गाळ खाली बसला. १०० ग्रॅम कोरड्या पेंढ्यातून ५८ ग्रॅमच्या आसपास कोरडा ऐवज हाती लागला. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, शेवटी त्याच्याशिवाय काकांच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

जुलैत एन्झाइमची ताकद मोजली. बाटलीवरच्या आकड्यावर विसंबता येत नाही, प्रवास झालेला असतो. त्यासाठी जगभर जी फिल्टर पेपरची पद्धत वापरतात, ती आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी १९८७ मध्ये आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांनी लिहून काढली. व्हॉटमन नंबर १ ची १ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे बरोबर ५० मिलिग्रॅम, गुंडाळून परीक्षानळीत, ४.८ पीएचचा सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), अर्धा मिलिलिटर पातळ केलेलं एन्झाइम, ५० अंशांना ६० मिनिटं. एन्झाइम इतकं पातळ करायचं की तासाभरात नेमकं २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल. मग ०.३७ ला त्या पातळ द्रावातल्या मूळ एन्झाइमच्या प्रमाणाने (एका मिलिलिटरात किती मिलिलिटर) भागलं की मिलिलिटरमागे एफपीयू, म्हणजे फिल्टर पेपर युनिट, मिळतात. ०.३७ हा आकडा मुलांनी पाठ करण्याऐवजी सोडवावा म्हणून फळ्यावर केला: २ मिलिग्रॅम म्हणजे ११.१ मायक्रोमोल, त्याला अर्धा मिलिलिटर आणि ६० मिनिटं यांनी भागा. आमचं एन्झाइम अडीचशे पटीपेक्षाही जास्त पातळ करावं लागलं. त्या प्रमाणाच्या जरा वर आणि जरा खाली अशी दोन रीडिंगं हवीत, एकाच रीडिंगवरून रेघ लांबवायची नाही.

साखर मोजायला डीएनएस, १९५९ सालची मिलर यांची पद्धत: मिश्रण उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, नारिंगी रंग, तो कलरीमीटरवर ५४० नॅनोमीटरला मोजायचा. सोपी आहे, स्वस्त आहे, आणि तेवढीच फसवी. पहिल्याच दिवशी पेंढा न घातलेल्या नळीत रंग आला. त्या नळीत फक्त एन्झाइम आणि बफर होतं. मुलं गोंधळली, पण ती नळी आम्ही ठेवली होती ती याचसाठी. विकतच्या द्रव एन्झाइममध्ये थोडी साखर आधीच असते. म्हणून प्रत्येक वेळी दोन ब्लँक लागतात: एन्झाइम आहे पण पेंढा नाही, आणि पेंढा आहे पण एन्झाइम नाही. दोन्हींचं रीडिंग वजा केल्यावर जे उरेल ते खरं. हे वजा न करता कुणी भरघोस आकडे दाखवत असेल, तर ती साखर पेंढ्यातली की बाटलीतली, हे विचारावं.

दुसरी अडचण अशी की डीएनएसला ग्लुकोज, झायलोज, सेलोबायोज यांतला फरक कळत नाही. त्यावर आम्ही काढलेला तोडगा पॅथॉलॉजीच्या दुकानातला. रक्तातली साखर मोजायचा जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) संच, साधारण ७०० रुपयांना, तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतो. तो फक्त ग्लुकोज मोजतो. आपला द्राव रक्तापेक्षा कितीतरी गोड असल्याने दसपट-वीसपट पातळ करून घ्यायचा. आणि एक ध्यानात ठेवा: फ्लास्कमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून पुष्कळ जण सोडियम अझाइड घालतात. ते अतिशय विषारी आहेच, शिवाय या संचातल्या पेरॉक्सिडेजला अडवतं. आम्ही टेट्रासायक्लिन वापरलं.

प्रत्यक्ष प्रयोग दिसायला अगदी साधा. १०० मिलिलिटर बफरमध्ये ५ ग्रॅम कोरडा लगदा, दर ग्रॅमला १५ एफपीयू, म्हणजे फ्लास्कमागे पाऊण मिलिलिटरच्या आसपास एन्झाइम, ५० अंश, शेकर मिनिटाला १५० फेरे, ७२ तास. लगदा मिसळल्यावर पीएच पुन्हा बघा. धुण्यात कसर राहिली असेल तर तो वर सरकतो आणि ४.८ चा बफर नावापुरता उरतो. पुस्तकातल्या वेळापत्रकात ६ आणि १२ तासांचे नमुने असतात. सकाळी सुरू केलं तर १२ तास रात्री भरतात, आणि आमचं फाटक सहाला बंद. मुलींना घेऊन उशिरापर्यंत थांबायचं तर प्राचार्यांची लेखी परवानगी, पालकांचं पत्र आणि पहारेकऱ्याची नोंद. त्यापेक्षा संध्याकाळी पाचला सुरू केलं. मग १६, २४, ४०, ४८, ६४ आणि ७२ तास हे सगळे सकाळी नऊ किंवा संध्याकाळी पाचला येतात. सुरुवातीचे २, ४, ६ तास वेगळ्या संचात दिवसा घेतले. १२ तासच हवेत असं कुठल्याही शास्त्रात नाही.

वीज जायची. जुलैत ती न जाती तरच नवल. निघाल्याची आणि आल्याची वेळ वहीत टिपायची, एवढंच. एन्झाइम गार झाल्याने मरत नाही, मंदावतं. इन्क्युबेटरचं दार उघडलं नाही तर ऊब बराच वेळ टिकते. मोठा खंड पडला की तो संच बाद धरून नवा लावला. काढलेला नमुना लगेच १० मिनिटं उकळून एन्झाइम बंद पाडायचं, फिरवून वरचा निवळ द्राव फ्रीझरमध्ये. गणपती ७ सप्टेंबरला होते. आठवडाभर कुणी फिरकणार नाही हे धरून सगळ्या नळ्या बर्फाच्या पिशव्यांसकट थर्माकोलच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या. परत आल्यावर शाबूत होत्या.

आकडे ऑक्टोबरात बसले. पूर्वप्रक्रिया न केलेल्या पेंढ्यातून ग्रॅमला १३० मिलिग्रॅमच्या आसपास साखर. कॉस्टिक केलेल्या लगद्यातून ५५०. पहिल्या २४ तासांतच बहुतेक काम होतं, ४८ नंतर आलेख सपाट. पण ५५० हा आकडा लगद्याचा. १०० ग्रॅम पेंढ्याचे ५८ ग्रॅम झाले होते, त्यामुळे मूळ पेंढ्याच्या हिशेबाने तो ३२० वर येतो. शिवाय सेल्युलोजचं ग्लुकोज होताना प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू जोडला जातो, १६२ चे १८० होतात. टक्केवारी काढताना ०.९ ने गुणायचं राहिलं तर उत्पन्न फुगतं. ग्लुकोज आणि झायलोजचं प्रमाण पक्कं करायला थोडे नमुने पुण्याला एचपीएलसीसाठी (या यंत्रात प्रत्येक साखर वेगळी होऊन मोजली जाते) पाठवले, नमुन्यामागे १,२०० रुपये अधिक जीएसटी. सेलोबायोज जवळजवळ नव्हती, म्हणजे बाटलीतलं बीटा-ग्लुकोसायडेज पुरेसं होतं. जीओडी-पीओडीचे आकडे पुण्याच्या आकड्यांच्या अगदी जवळ निघाले, तेव्हा त्या ७०० रुपयांच्या संचाचं मला फार कौतुक वाटलं.

दिवाळीत काकांना सांगितलं: किलोला ३०० ग्रॅमच्या थोडं वर. ते खूश झाले. मग सांगितलं की ती पाण्यात विरघळलेली असते, तीही शंभराला पावणेतीन. उसाच्या रसाच्या जवळपासही नाही. शिवाय त्यात सायट्रेट आहे, औषध आहे, आणि निम्म्याच्या खालचा का होईना एक वाटा झायलोजचा, जो नेहमीच्या यीस्टला आंबवताही येत नाही. काका म्हणाले, "म्हणजे गुरांना घातलेलाच बरा." गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव हेच काम कॉस्टिकशिवाय करतात, तेव्हा मी वाद घातला नाही. पुढे जमलं तर काजूच्या बोंडांच्या चोथ्यावर करायचंय. तो खरोखर बागेत कुजून जातो, फक्त त्यातलं टॅनिन एन्झाइमला त्रास देतं, तेव्हा आधी त्याचा बंदोबस्त.

अहवाल डिसेंबरात गेला: बांधणी केलेल्या दोन प्रती, सीडी आणि साहित्यचौर्य तपासणीचा दाखला. कंपनीला कराराप्रमाणे प्रत आधी दाखवली, त्यांनी दोन दिवसांत ठीक म्हणून कळवलं. युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी सीएकडे गेले ते जानेवारी २०२५ मध्ये. त्यांची फी १,५०० रुपये. ती अनुदानात बसत नाही. बचत खात्यावर जमलेलं व्याज वेगळ्या ओळीत दाखवावं लागतं, ते आपलं नसतं. पेंढ्याच्या ३०० रुपयांचं बिल नव्हतं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाला साधं व्हाउचर चालतं: नाव, गाव, माल, रक्कम, सही. पाच हजारांच्या आतल्या रकमेला महसूल तिकीट लागत नाही, तरी आमच्या कार्यालयाने ते लावून घेतलंच.

तिथे आणखी एक पेच निघाला. भांडार नोंदवहीत पेंढा "२ भारे" असा जमा झाला होता, आणि प्रयोगशाळेच्या वहीत तो ग्रॅममध्ये खर्ची पडत होता. शिल्लक किती, हे हिशेबनिसांना काढता येईना. शेवटी उरलेला पेंढा तराजूवर घातला, खर्चाची बेरीज केली, दोन्ही मिळून भाऱ्याचं वजन ठरवलं आणि तसा दाखला विभागप्रमुख म्हणून मीच दिला. उरलेल्याच्या निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदवहीतून कमी करण्याचा, अर्ज केला, तो मंजूर होऊन आला, आणि मामांनी पेंढा त्यांच्या गाईसाठी नेला. दुसरा हप्ता मार्चमध्ये जमा झाला. तुम्ही करणार असाल तर पेंढा आणल्या दिवशीच किलोमध्ये तोलून वहीवर चढवा.